डबा मागितला, घोडा मिळाला

आदरणीय मुहीत दाजी,

ताराझहून तुमच्या एकुलत्या एका मेहुण्याचा, ओराझचा, उजवा हात छातीवर ठेवून सलाम. तुमची तब्येत, कुल्याशताईची तब्येत, मेंढरं, तुमच्या सांझारचं कॉलेज, गाडीचा गिअर आणि तुमची ती कंबर, सगळं ठीक आहे ना? (कंबर मुद्दाम शेवटी विचारली. आधी विचारली असती तर तुम्ही तिच्याबद्दल सांगायला बसला असता आणि पत्र पुढे वाचलंच नसतं.) किझिलओर्दाला वारा सुटला असेल, इकडेही सुटला आहे. आम्ही सगळे मजेत आहोत, म्हणजे मी मजेत नाही, बाकीचे आहेत. फोन करायचा सोडून पत्र का, असं विचाराल तर तुमचा फोन ताई उचलते, आणि ही हकीकत ताईच्या कानावर तुमच्याकडून, जेवण झाल्यावर, तिचा चेहरा बघून जायला हवी. पत्र रात्रीच्या गाडीच्या कंडक्टरबाईंकडे देतो आहे. स्टेशनवर तुम्ही स्वतः जा, आणि जाताना त्यांच्यासाठी एखादं खरबूज न्या. मागच्या वेळी तुम्ही नुसतेच हसलात, ते त्या अजून सांगतात.

तर मुद्द्याचं. दाजी, माझी बँडमधली जागा जायच्या बेतात आहे. आमचा म्होरक्या झान्दोस तुम्हाला आठवत असेलच. ताईच्या पन्नाशीच्या समारंभात ज्याने तुम्हाला ओढून नाचायला नेलं आणि तुम्ही जाऊन केकवर बसलात, तोच. त्याने नवा कीबोर्ड घेतला आहे. त्याच्या डाव्या बाजूच्या पट्ट्या दाबल्या की बेस गिटारचा आवाज येतो. म्हणजे उजव्या हाताने तो स्वतःचं काम करतो आणि डाव्या हाताने माझं. परवा लग्न आटोपून वायरी गुंडाळताना त्याने मला बाजूला घेतलं.

"ओराझ, राग मानू नकोस," तो म्हणाला. "तुझा एक सूर छपरावरून पोतं पडावं तसा येतो, आणि पुढचा सूर शोधायला माणूस पाठवावा लागतो. आवाजात ऊब नाही रे! शेवटच्या टेबलावर म्हातारी मंडळी बसलेली असतात, त्यांच्या पोटात काहीतरी हलल्यासारखं वाटलं पाहिजे."

"त्यांच्या पोटात आधीच दोन ताटं घोड्याचं मांस आहे," मी म्हणालो.

"तेच हलायला हवं," तो म्हणाला.

महिनाअखेरीस वीटभट्टीवाल्याच्या मुलीचं लग्न आहे. अर्धं ताराझ तिथे जेवणार. तोवर आवाज सुधारला तर ठीक, नाहीतर पुढच्या लग्नांना मी पाहुणा म्हणून यावं, असं झान्दोसने अगदी प्रेमाने सांगितलं. दाजी, तुम्ही हसाल, पण मला रात्रभर झोप लागली नाही. आठवडाभर मी लोकांच्या तळघरात उकिडवा बसून पाण्याचे मीटर दुरुस्त करतो आणि लोक मला "ए मीटर" म्हणून हाक मारतात. शनिवारी संध्याकाळी मात्र मी चार तारांवर बोट ठेवतो आणि गुडघेदुखीच्या बायकासुद्धा खुर्चीवरून उठतात. त्यांना कुणी उठवलं हे त्यांना कधीच कळत नाही, त्या गाणाऱ्या पोरीकडे बघून टाळ्या वाजवतात. मला ते चालतं. मला ते फार आवडतं. ते गेलं तर माझ्याकडे मीटर तेवढे उरतील.

यावर उपाय काय म्हणून ज्याला विचारावं त्याने एकच सांगितलं: कॉम्प्रेसर पेडल घे. (तुम्ही ट्रकच्या टायरमध्ये हवा भरता त्याचा याच्याशी संबंध नाही, तुम्ही ताईला काही भलतंच सांगाल म्हणून लिहितो.) ही विटेएवढी लोखंडी डबी असते, गिटार आणि स्पीकरच्या मध्ये जोडायची आणि पायाने चालू-बंद करायची. लग्नातला आपला सूत्रधार जे करतो तेच ती करते. भाषण ठोकणाऱ्या काकांच्या हातातून माईक हळूच काढून घ्यायचा आणि तोंडातल्या तोंडात बोलणाऱ्या आत्याला "अजून जोरात, आत्या!" म्हणायचं. मोठा सूर दबतो, बारीक सूर वर येतो, सगळे एका उंचीने चालायला लागतात आणि आवाज भरल्यासारखा लागतो. इथवर सगळ्यांचं एकमत होतं. कुठलं पेडल घ्यायचं म्हटलं की भांडण सुरू. आमचा ढोलवाला म्हणाला, जितकी बटणं जास्त तितकं चांगलं. गाणारी पोरगी म्हणाली, निळं घे, स्टेजवर उठून दिसेल.

शेवटी बाजारामागच्या वाद्यांच्या दुकानात गेलो. तिथला वादीम शेंडी बांधतो आणि गिऱ्हाइकाने गिटार हातात घेतली की डोळे मिटून घेतो, दुखतंय की काय अशी शंका येते. त्याने एकेक पेडल जोडून दिलं. पहिल्याने माझा आवाज असा काही दाबला की सगळे सूर इस्त्री करून घडी घातल्यासारखे निघाले. मी जोरात वाजवलं, हळू वाजवलं, रागाने वाजवलं, त्याला फरक नाही. दुसऱ्याला सहा बटणं होती आणि प्रत्येक बटण बाकीच्या पाचांवर रुसलेलं. एक जागेवर आणावं तर दुसरं बिघडायचं. तिसऱ्याने बारीक आवाज इतका वर उचलला की त्याबरोबर मागची खरखर, दुकानातला फ्रीज आणि शेजारच्या चहाच्या टपरीवरचा समोवारसुद्धा स्पीकरमधून ऐकू यायला लागला. मी वाजवायचं थांबलो तरी समोवार वाजतच होता. दुकानात एक बाई मुलीसाठी दोन तारांचा दोम्ब्रा घ्यायला आल्या होत्या, त्यांनी मुलीला नाचाच्या शिकवणीला घालायचं ठरवलं आणि निघून गेल्या.

वादीमने मग डोळे उघडले. "तुला ऊब हवी आहे ना? मग दिव्यावर चालणारा घे. त्याच्या पोटात एक बारीकसा दिवा असतो. तू जोरात वाजवलंस की दिवा उजळतो, दिवा उजळला की आवाज दबतो. पण हा दिवा आळशी. सावकाश उजळतो, सावकाश मावळतो. त्या आळसातच सगळी ऊब आहे."

"दे मग."

"माझ्याकडे नाही. मागवतो. उन्हाळ्यात येईल."

उन्हाळ्यात! वीटभट्टीवाल्याची मुलगी उन्हाळ्यापर्यंत थांबली असती का? मी तोंड पाडून बाहेर आलो, टपरीवर तोच समोवार समोर घेऊन बसलो, आणि चहाचा पेला ओठाला लावता लावता मला आठवलं की असा लुकलुकणारा दिवा मी पाहिला आहे. मेर्केजवळ आजोळी, तुर्सिनखानमामांच्या घरी, अंथरुणांच्या पेटीवर.

मामा तरुणपणी सरकारी शेताच्या सांस्कृतिक भवनातल्या बँडमध्ये बेस वाजवायचे हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण प्रत्येक लग्नात दुसऱ्या पेल्यानंतर ते तुम्हाला सांगतात. त्या शेतावरच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने त्यांना एक डबा बनवून दिला होता. बुटांच्या खोक्याएवढा, ट्रॅक्टरच्या रंगाने रंगवलेला, आणि समोर एक भोक. वाजवलं की त्या भोकात दिवा लुकलुकायचा. लहानपणी मला वाटायचं आत कुणीतरी राहतं. गावातली म्हातारी माणसं अजून सांगतात की तुर्सिनखान वाजवायला लागला की मागच्या रांगेतल्या माणसाच्या छातीत शेकोटी पेटायची. मी पेला खाली ठेवला. दाजी, डबा मागायचा कसा हा प्रश्नच नव्हता. भाच्याचा हक्क!

तुम्हीही कुणाचे तरी भाचे आहात, तुम्हाला काय सांगायचं. आयुष्यात तीनदा भाच्याने आजोळी जाऊन जे मागावं ते मामाने कपाळाला आठी न घालता द्यायचं. माझे दोन खर्च झाले आहेत. शाळेत असताना शिकारी कुत्रीचं पिल्लू मागितलं, आणि कॉलेजात असताना साइडकारची मोटरसायकल. (ती नदीत आहे. साइडकार वर आली.) तिसरा शिल्लक होता, आणि त्याच्या धास्तीने बालझानमामी इतक्या वर्षांत अर्ध्या झाल्या आहेत. मी येणार असं कळलं की त्या घर आवरतात, म्हणजे लपवतात. या वेळी गेलो तर टीव्हीवर गोधडी होती, समोवार दिसत नव्हता, आणि स्वतः मामी नव्या गालिच्याच्या गुंडाळीवर बसून माझ्याशी बोलत होत्या. दोन तास त्या तिथून उठल्या नाहीत.

मामांचं लक्ष मात्र खिडकीबाहेर, तबेल्याकडे. त्यांचा करडा घोडा तुम्ही पाहिला आहे. पाठीवर भरलेला पेला ठेवला तरी थेंब सांडणार नाही अशी त्याची चाल, मेर्केपासून कोर्दाईपर्यंत नाव. तिथे शेजारचे दोन म्हातारेही येऊन बसले होते, साक्षीला म्हणा किंवा मजा बघायला म्हणा. जेवण झालं. मामांनी हात पुसले, पाठ ताठ केली, आणि फासावर जाणाऱ्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "माग रे भाच्या. तिसरं आहे. काय हवं ते माग."

मी म्हणालो, "मामा, तो डबा. दिव्याचा."

मामी गालिच्यावरून उठल्या, पुन्हा बसल्या. मला वाटलं, आता मामा सुटल्यासारखे हसतील. पण त्यांचा चेहरा लाल झाला.

"डबा?" ते ओरडले. "तिसरा हक्क, शेवटचा हक्क, आणि तू माझ्याकडे गंजका डबा मागतोस? माझा तबेला ओस पडलाय का? उद्या गाव म्हणेल, तुर्सिनखानचा भाचा आला आणि पत्रा घेऊन गेला! मला काय भंगारवाला समजलास?"

"मामा, मला खरंच डबाच..."

"गप्प! तुला लाज वाटते म्हणून तू मोठं मागत नाहीस, हे मला कळत नाही का? माझ्या बहिणीचा मुलगा आहेस तू. करडा घेऊन जा!"

शेजारचे म्हातारे "वा, वा!" म्हणाले. मी तोंड उघडणार एवढ्यात मामांनी दोन्ही तळवे वर केले आणि दुवा म्हणायला सुरुवात केली, घोडा भाच्याला लाभो, वाट सरळ असो वगैरे. आता दाजी, तुम्हीच सांगा, आपल्यापैकी कुणासमोर वडीलधाऱ्याने तळवे वर केले तर आपले हात खाली राहतात का? माझे आपोआप वर गेले. दुवा संपली, सगळ्यांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले, मीही फिरवले, आणि "आमीन" म्हणून मोकळा झालो. म्हटल्यावर लक्षात आलं की काय म्हटलं. दुवा झालेली गोष्ट परत फिरवणं म्हणजे वडीलधाऱ्याच्या दुवेवर थुंकणं. तिसरा हक्क संपला, आणि डबा पेटीवर जिथल्या तिथे.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो. मी पाचव्या मजल्यावर राहतो आणि आमची लिफ्ट माणसांनासुद्धा नेत नाही. म्हणून ट्रकमधून घोडा थेट झान्दोसच्या आईच्या अंगणात उतरवला, गावाबाहेर, जिथल्या गॅरेजमध्ये आमचा सराव चालतो. झान्दोस दारात आला. घोड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"तू पेडल आणायला गेला होतास ना?"

"हो."

"मग हे कुठे जोडायचं?"

एवढं बोलून त्याने चारा आणायला पोतं घेतलं, कारण माणूस वाईट नाही. सध्या अशी स्थिती आहे की जो मला बँडमधून काढणार आहे तोच माझ्या घोड्याला खायला घालतो. तरी दाजी, मी आशा सोडलेली नाही. ताईला माझा सलाम, सांझारला डोक्यावर हात, आणि तुमच्या कंबरेला आराम.

तुमचा मेहुणा,
ओराझ

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण वर राहून गेलं. ताईसुद्धा त्याच मामांची भाची आहे आणि तिने एकदाही काही मागितलेलं नाही. तिचे तिन्ही हक्क कोरे करकरीत पडून आहेत, बाईमाणसाने काय मागायचं म्हणून. तर तिने मामांना एक फोन करून तो डबा मागावा, एवढंच करायचं आहे. रडवेल्या आवाजात मागितला तर उत्तम. तिने गंजका डबा मागितला तर मामा रागावणार नाहीत, बायकांना पीठ ठेवायला डबे लागतातच असं समजतील. या बदल्यात करडा घोडा तुमचा. ताईला तुम्ही कसं पटवता ते मी विचारणार नाही.

ता. क. दुसरा. ताईला काही सांगू नका! वरचा ता. क. वाचून सांगितलं असेल तर माघार घ्या. काल कंडक्टरबाई सुट्टीवर होत्या म्हणून पत्र माझ्याकडेच राहिलं, ते बरं झालं. आज मामींचा फोन आला. आवाज दबका, बहुधा समोवार लपवलेल्या खोलीतून बोलत होत्या. म्हणाल्या, "ओराझ, तू डब्याचं नाव काढलंस तेव्हा मी गालिच्यावरून उठले ते उगीच नाही. तू गेल्यावर हे रोज संध्याकाळी तो डबा मांडीवर घेऊन बसतात. गिटार जुनी, तिला दोनच तारा, तरी जोडतात. वाजवत नाहीत फारसं. एक सूर काढतात आणि दिवा विझेपर्यंत बघत राहतात. बँडमधले बाकीचे चौघे आता नाहीत ना रे." म्हणजे दाजी, ते सगळं ओरडणं, भंगारवाला, गाव काय म्हणेल, सगळं नाटक. ज्या घोड्यासाठी मेर्केचा माणूस जीव टाकेल तो घोडा त्यांनी देऊन टाकला, का तर डबा वाचावा. आणि मी इथे बसून ताईकरवी तो काढून घ्यायचे बेत करत होतो. माझं मलाच फार वाईट वाटलं. मी लगेच मामांना फोन केला आणि शनिवारी आमच्या सरावाला या, म्हातारपणी जरा गाणी ऐका, एवढंच म्हणालो. डब्याचं नाव काढलं नाही. जागा जायची असेल तर जाऊ दे.

ता. क. तिसरा, आणि हा शेवटचा, कारण कंडक्टरबाई सुट्टीवरून आज परतल्या आणि हात पुढे करून उभ्या आहेत. मामा आले. बगलेत, मामींच्या लोकरी शालीत गुंडाळलेला, डबा. "हा मी कुणाला दिलेला नाही," त्यांनी गॅरेजच्या दारातच जाहीर केलं, "हा माझ्याबरोबर फिरायला आलाय." माझ्या स्पीकरशेजारी खुर्ची ओढून बसले, डबा मांडीवर घेतला, वायर स्वतः जोडली, बटण स्वतः फिरवलं, आणि म्हणाले, "वाजव." मी वाजवलं. दाजी, मला ते लिहिता येत नाही. तोच मी, त्याच तारा, पण सूर बाहेर येऊन जरा वेळ थांबत होता, घरच्यासारखा. भोकातला दिवा उजळत होता, मावळत होता. दारात उभी असलेली झान्दोसची आई हातातली बादली खाली ठेवून तिथेच बसली. झान्दोसने कीबोर्डवरचा डावा हात उचलला आणि खिशात घातला. गाणं संपेपर्यंत तो खिशातच होता. मामा म्हणाले, "डबा ठीक आहे. हाताला सवय लागायला वेळ लागेल," आणि हे माझ्याबद्दल होतं. वीटभट्टीवाल्याच्या लग्नात मी वाजवतोय! स्टेजवर माझ्याशेजारी खुर्ची टाकून मामा बसणार आहेत, टोपी घालून, डबा मांडीवर. त्यांनी तशी अट घातली आहे आणि झान्दोसने ती मान्य केली आहे. मामांना वाटतं, सगळे त्यांनाच बघायला येणार आहेत.

आता खरं काम. सांझारला येत्या सुट्टीत इकडे पाठवा. तो माझा भाचा आहे, त्याने अंगणात उभं राहून माझ्याकडे करडा घोडा मागायचा. मला नाही म्हणता येणार नाही, मी जरा कपाळ बडवून घेईन आणि देईन. घोडा तुमच्या घरचा झाला. मग वसंतात मामांची सत्तरी आहे, तेव्हा तुम्ही भर मांडवात मामांच्या अंगावर नवा चपान, मानाचा झगा, घाला आणि त्यांना त्या घोड्यावर बसवा. जावयाने एवढा मान केला म्हणून मेर्केत तुमचं नाव निघेल, आणि मामांना तो घ्यावाच लागेल, कारण तेव्हा तळवे तुम्ही वर करायचे. (वरती घोडा तुमचा म्हटलं होतं ते खरंच आहे. फक्त तो तुमच्याकडे फार वेळ राहणार नाही.)

हसण्यावारी नेऊ नका. मामा आता प्रत्येक सरावाला येतात, आणि प्रत्येक वेळी उशिरा येतात. बसला उशीर झाला म्हणतात. काल मी बसच्या थांब्यावर चौकशी केली, बस रोज वेळेवर येते. मामा अंगणातून गॅरेजमध्ये शिरले तेव्हा त्यांच्या बाहीवर चाऱ्याच्या काड्या होत्या, आणि त्यांनी कुणाकडेही न बघता डबा मांडीवर घेतला. मी त्या काड्या झटकल्या नाहीत. सांझारला लवकर पाठवा, दाजी.